दहा ते पाच

दहा वाजता फोन लागला, पलीकडे शिलाई मशीन घरघरायला लागली आणि भाषांतरकाराने नेहमीप्रमाणे टाइप करायला सुरुवात केली. काय टाइप करत होता, ते न विचारलेलं बरं. "मधमाश्या घर बांधतात" ही एकच ओळ तो गेले दोन महिने पुन्हा पुन्हा उतरवत होता.

हे फोनचं त्याच्या ताईने जुळवून दिलं होतं. घरी बसून काम करायचं तर मन लागायला हवं, म्हणून त्याने सगळे उपाय करून पाहिले होते. टेबल खिडकीशी नेलं, पुन्हा भिंतीशी आणलं, घरातल्या घरात बूट घालून बसून पाहिलं. बूड काही ठरत नव्हतं. ताई ज्या काकूंकडून कपडे शिवून घ्यायची, त्यांचंही तेच रडगाणं. यजमान निवृत्त, मुलं लांब, दिवसभर बरोबरीने काम करणारं कोणी नाही. मशीनवर बसेपर्यंत दुपार व्हायची. बदली होऊन दुसऱ्या गावी जाताना ताई दोघांना एकमेकांचा नंबर देऊन गेली.

दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. ठरलं एवढंच, की दहा ते पाच फोन चालू ठेवायचा आणि बोलायचं नाही. त्यांची घरघर याने ऐकायची, याची टकटक त्यांनी. एकाचा आवाज फार वेळ थांबला, तर दुसऱ्याने टेबलावर दोनदा ठोकायचं. एक वाजता काकू म्हणायच्या, "जेवा आता," आणि पाच वाजता, "आवरा." वर्षभर दोघांची कामं झपाट्याने उरकली. ताईकडून त्याच्या पाठदुखीचं कळल्यावर काकूंनी खुर्चीसाठी एक उशीही शिवून पाठवली होती.

मग त्याचं एक भाषांतर परत आलं. संपादकबाईंनी लिहिलं होतं, भाषा शुद्ध आहे, पण कोणी माणूस बोलतोय असं वाटत नाही. ते त्याच्या इतकं जिव्हारी लागलं, की मधमाश्यांवरच्या पुढच्या पुस्तकाचं चाळिसावं पान काही उलटेना.

नेमकं तेव्हाच काकूंनी नियम मोडून विचारलं, "पुस्तक कुठवर आलं?"

"निम्म्याच्या वर झालं," तो म्हणाला.

"छान. तुमची टकटक ऐकू आली ना, की माझा पाय आपोआप चालतो बघा. पहिली प्रत मला हं."

त्या दिवसापासून टकटक थांबवायची सोय उरली नाही. थांबली तर काकूंना कळणार, आणि खरं सांगायला जीभ रेटत नव्हती. तो नुसत्या पाट्या टाकत बसला. लाज अशी वाटायची, की फोन पाठीमागे ठेवून टाइप करायचा.

मध्ये आठवडाभर काकूंचा फोन लागला नव्हता, गावाला गेल्या असतील असं त्याने धरलं होतं. परतल्यापासून त्यांचा झपाटा वाढलेला. पूर्वी दोरा ओवायला, कापड फिरवायला मशीन मधूनमधून थांबायची. हल्ली महिनाभर थांबायचं नाव नव्हतं, एकसारखी चालायची. बोलणंही बंद झालं होतं. जेवायच्या वेळेला आणि पाच वाजता नुसती कात्री टेबलावर आपटल्याचा आवाज यायचा. बाईंना तोंड उघडायची फुरसत नाही आणि आपण इथे माशा मारतोय, हे मनात आलं की त्याला घास उतरत नसे.

सोमवारी पुस्तक द्यायचं होतं आणि आज गुरुवार उजाडला होता. काम हातचं गेलं असतं तर ते त्याने एक वेळ सोसलं असतं. पण काकू पहिल्या प्रतीची वाट बघत होत्या. त्यांना दुसऱ्या कोणाकडून कळलं, तर पुन्हा कधी फोन लावायचं तोंड उरलं नसतं. समोर जाऊन सांगायचं त्याने ठरवलं.

फोन तसाच चालू ठेवून तो उठला. उशीच्या पार्सलवरचा पत्ता खिशात घातला आणि निघाला. वाटेत तो वाक्य जुळवत होता. "काकू, मी तुमचा अपराधी आहे" हे फारच पुस्तकी वाटलं. "जरा अडचण झाली" ही पळवाट होती. दुसऱ्यांची पुस्तकंच्या पुस्तकं उतरवणाऱ्याला स्वतःचं एक वाक्य धड जमेना. शेवटी ठरलं, "काकू, मी खोटं बोललो" एवढंच म्हणायचं.

जिन्यातच घरघर ऐकू आली. मागे फिरावंसं वाटलं. दार नुसतं लोटलेलं होतं. पुन्हा धीर होणार नाही, म्हणून त्याने ते ढकललंच.

मशीनवर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. सुईत दोरा नव्हता, सुईखाली कापड नव्हतं. ते नुसताच पाय मारत होते. शेजारी फोन ठेवलेला होता. त्याला पाहून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि पाय न थांबवता खुणेने जवळ बोलावलं. तो वाकला.

"कपडे शिवायचे असतील तर आता इथे घेत नाही," ते त्याच्या कानाशी कुजबुजले. "ही जाऊन सव्वा महिना झाला. शेवटी मला म्हणाली, त्या भाषांतरवाल्याचं पुस्तक पुरं होईपर्यंत मशीन चालू ठेवा, एकटा पडला तर त्याचा हात थांबेल. म्हणून रोज बसतो." त्यांनी फोनकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच पाय थांबवला. "मघापासून त्याचा आवाज येत नाही. दोनदा ठोकूनही पाहिलं. झालं वाटतं पुस्तक."