काचेवरचा पडदा

“पुन्हा,” दिग्दर्शक म्हणाला आणि त्याने तिच्या पाठीमागे लोखंडी खुर्ची भिंतीवर आपटली.

बूथमधली मुलगी किंचाळली. बाहेर हेडफोन लावून बसलेल्या रेकॉर्डिस्ट काकांच्या कानठळ्या बसल्या. किंकाळी मात्र सुरेख उतरली होती.

“बघा काका, ही खरी भीती. अभिनय येत नसेल तर अशी काढावी लागते.”

“सॉरी,” मुलगी म्हणाली. कुणाला, ते तिलाही ठाऊक नसावं.

जपानी अ‍ॅनिमे मालिकेचं डबिंग चाललं होतं. नायक शाळकरी मुलगा. दुकानात पेन मागायचं तर तो घरी तीनदा तालीम करायचा, आणि तरी पेन्सिल घेऊन परत यायचा. पण हातात तलवार आली की काकडी चिरावी तशी राक्षसांची मुंडकी उतरवायचा. दर मुंडक्याआधी कुजबुजायचा, “सॉरी.”

मुलाचं काम पंचविशीतल्या या मुलीला मिळालं ते कुजबुजीमुळेच. कुजबुजीत बाई की बाप्या ओळखू येत नाही, हे काका तीस वर्षांच्या अनुभवाने सांगायचे. शिवाय मुलगी नायकाची जुळी बहीण शोभावी अशी. लिफ्टमध्ये कुणी दिसलं की पाच मजले जिन्याने चढायची. दिग्दर्शक तिला गोगलगाय म्हणायचा.

कुणी बघत असलं की तिचा आवाजच फुटायचा नाही. म्हणून काकांनी घरचा जुना पडदा आणून बूथच्या काचेवर लावून दिला. तेव्हापासून आतलं फक्त ऐकू यायचं.

ऐकू यायचं तेवढंही पुष्कळ होतं. आधी खुर्ची. मग चापट. मागच्या आठवड्यात दिग्दर्शकाने तिचे केस ओढले. केस ओढल्याचा आवाज होत नाही, श्वासाचा होतो. काका रेकॉर्डिंगचा लाल दिवा चालू असताना दार उघडून आत घुसले.

“टेक वाया घालवलात!” दिग्दर्शक ओरडला. “आता पुन्हा घ्यावा लागेल.”

त्याने पुन्हा घेतला, आणि या खेपेला दुपटीने झोडपलं.

नंतर मुलगी काकांच्या चपलांकडे बघत म्हणाली, “काका, पाया पडते. दिवा लाल असताना येऊ नका. पुन्हा घ्यावं लागतं.”

“सोड ना पोरी हे काम. आग लाव त्याला.”

“सोडते असं सांगायला त्यांच्यापुढे उभं राहावं लागेल ना, काका.”

काकांनी तिला फक्त आपल्या डब्यातलं अर्धं जेवण दिलं. तिने त्याबद्दलही सॉरी म्हटलं.

आज शेवटचा भाग होता. यात नायक पहिल्यांदाच माफी न मागता मारतो.

“आज तोंडातून सॉरी निघालं तर याद राख,” दिग्दर्शकाने बाह्या सरसावल्या. “आज तुला अशी घाबरवतो की जन्मभर नाव काढशील.”

कागद ठेवायचा स्टँड लावायला काका उठले. त्याला खाली बिडाची जड बैठक होती.

“राहू द्या, काका,” मुलगी म्हणाली. “आज मीच लावते. तुमची कंबर धरलीय ना?”

काकांना भरून आलं. स्वतःचं अंग ठणकत असताना पोरीला दुसऱ्याच्या कंबरेची काळजी.

दार बंद झालं. दिवा लाल झाला.

“चल, गोगलगायी,” हेडफोनमध्ये दिग्दर्शकाचा आवाज आला. खुर्ची खरखरली.

मग एक धप्पकन आवाज. धान्याचं पोतं पडावं तसा. लगेच दुसरा, आणि त्यात ओलं लाकूड मोडल्यासारखं काहीतरी कडकडलं. पुढे नुसता श्वास. मग खालून, पार जमिनीलगत, कुजबुज आली.

“सॉरी... बास... सॉरी...”

काका उठले, पुन्हा बसले. आत गेलो तर तो पुन्हा घेईल. दुपटीने. नाही गेलो तर?

तिसरा घाव बसला. कुजबुज आता भरल्या तोंडातून बुडबुडत येत होती. “सॉरी...”

आज सॉरी म्हणायचं नव्हतं गं पोरी, काका मनात कळवळले. गप्प राहा, नाहीतर जीव घेईल तो.

चौथा घाव. काकांनी हेडफोन भिरकावले, लाल दिव्याकडे न बघता धावत जाऊन दार ढकललं.

लादीला ओठ टेकवून दिग्दर्शक अजून कुजबुजत होता. मुलीने स्टँड दोन्ही हातांनी डोक्यावर उचलून धरला होता. तिने आयुष्यात पहिल्यांदाच काकांच्या डोळ्यांत सरळ पाहिलं.

“दिवा लाल होता, काका,” ती म्हणाली. “आता पुन्हा घ्यावं लागेल.”