टपाची उंची

टप चार बोटांनी उंच निघाला.

होडी ट्रेलरवर होती, ट्रेलर रॉसच्या गाडीला जोडलेला होता, आणि गाडी शेडबाहेरच्या उन्हात घुरघुरत उभी होती. होडीचे नाक तेवढे दाराबाहेर आले. मग नव्या टपाची पुढली कड दारावरच्या तुळईला टेकली आणि सगळे जागच्या जागी थांबले. रॉसने ट्रेलरच्या दोन्ही चाकांतली हवा सोडून दिली. टप दोन बोटे खाली आला. उरलेली दोन बोटे उरलीच.

शेजारचा मर्व्ह कुंपणाला रेलून हे पाहत होता.

"क्लॅरी, समुद्रच आत आणून सोड की रे," तो म्हणाला. "होडी शेडात, मासे शेडात, तूही शेडात. जन्माची सावली."

व्हरांड्यात बसलेल्या क्लॅरीने नुसता हात उडवला. हातांवर मोजे चढवलेले होते. जानेवारीपासून तो ज्या गोळ्या घेत होता त्या त्याच्या अंगातल्या रोगाशी झुंजत होत्या. पण त्यांनी त्याची कातडी अशी करून ठेवली होती की खिडकीच्या काचेतून आलेले ऊनही तिला भाजून काढी. उन्हात जायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते. क्लॅरीने त्यांच्याशी वाद घातला नाही. घरी येऊन त्याने होडीवर सावलीला टप चढवायचा म्हणून प्लायवुड मागवले आणि तीन आठवडे शेडच्या अंधारात एकटा राबला. फळी वाकवली, तिच्यावर फायबरग्लासचे कापड रेझिनने बसवले, स्टीलच्या नळ्यांचे चार खांब उभे केले. मुलाची, रॉसची, मदत त्याने घेतली नाही. सोमवारी त्याला ब्रिस्बेनच्या इस्पितळात दाखल व्हायचे होते. त्याआधी, उद्याच्या रविवारी, सकाळच्या भरतीला खाडीच्या तोंडाशी बारामुंडी माशाच्या जागेवर गळ टाकायचा, बायकोला शेजारी बसवायचे, एवढेच त्याने मागितले होते.

त्याच्या बायकोने, एनिडने, टपाकडे पाहिले, तुळईकडे पाहिले. साखर कारखान्यात चाळीस वर्षे फिटरकी केलेला हा माणूस. केसाएवढा फरक राहिला तरी तो भाग परत धाडायचा. ही शेडही त्याचीच, रॉस जन्मला त्या वर्षी उभारलेली. हिच्या दाराची उंची त्याला स्वतःच्या वयासारखी पाठ होती.

"आई, हे बघ."

रॉस आतून प्लायवुडचा एक उरलेला तुकडा घेऊन आला होता. त्यावर क्लॅरीचे अक्षर होते. वर दाराची उंची, तिच्याखाली ट्रेलरसकट होडीची. दोन्ही आकडे बरोबर होते. त्यांची वजाबाकी सहा वेळा केलेली होती आणि सहाही उत्तरे निराळी होती. शेवटच्या उत्तराभोवती वर्तुळ काढले होते. ते काढताना पेन्सिल इतकी दाबली गेली होती की लाकूड कोरले गेले होते.

रॉस खालच्या आवाजात म्हणाला की हे डॉक्टरांना सांगायला हवे, रोग डोक्यापर्यंत पोचला असेल तर. एनिडने त्याला पुढे बोलू दिले नाही. तुकडा त्याच्या हातातून घेतला आणि अक्षरांची बाजू आत वळवून एप्रनशी धरला.

तेवढ्यात क्लॅरी आंब्याच्या सावलीसावलीने, कॉलर वर करून, एकेक पाऊल मोजत शेडपाशी आला. काय अडले, असे त्याने मुलाला विचारले. उत्तर एनिडने दिले, आणि मर्व्हलाही ऐकू जाईल अशा बेताने दिले.

"मी अडवलंय. टप उंच कर म्हणून मीच मागे लागले होते, माझी हॅट टेकते म्हणून. ह्याचं माप बरोबर होतं. माझं चुकलं."

मर्व्ह कुंपणावरून सरळ झाला. रॉस आईच्या तोंडाकडे बघत राहिला. मागे एकदा तिने गाडी याच दारावर घातली होती. तेव्हाही चूक दाराचीच ठरली होती.

क्लॅरीने तुळईकडे पाहिले. मग एप्रनआडून डोकावणाऱ्या प्लायवुडच्या कोपऱ्याकडे पाहिले. तिथे त्याची नजर बराच वेळ राहिली.

"लग्नाला एक्कावन्न वर्षं झाली, म्हातारे," तो म्हणाला. "तुझं चुकलेलं आज पहिल्यांदा ऐकतोय."

"नीट ऐकून घे. पुन्हा ऐकायला मिळायचं नाही."

तिने रॉसला करवत आणायला सांगितले. टपाला कोणी हात लावायचा नव्हता. तुळईलाच खालून खाच पाडायची होती. शेड खचेल, रॉस म्हणाला. दोन्हीकडून टेकू लाव, ती म्हणाली; इतकी वर्षे उभी आहे, एक रविवार आणखी उभी राहील.

क्लॅरीने सवयीने कानावरची पेन्सिल काढली. मापाचा टेप ओढून तुळईला लावला आणि त्यावरच्या आकड्यांकडे तो पाहत राहिला. त्याचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. टेप बोटांतून सुटला आणि सुर्रकन आपल्या डबीत गेला.

त्याने पेन्सिल तिच्यापुढे धरली.

"खूण तू कर," तो म्हणाला.

एनिडने एका हाताने पेन्सिल घेतली. दुसरा हात तिने एप्रनवरून काढला नाही.