कासवाचा काठ

"आवं, तळ्यातल्या कासवाला बी काठ लागतो, ऊन खायला, दम घ्यायला. ह्या प्लॅस्टिकच्या कागदावर त्याची नखं घसरत्यात," असं म्हणत केशरबाईनं मोटरीजवळ दोर बांधून शेततळ्यात गोणपाट सोडलं.

"अन् कागद फाटला, तर डाळिंबाला काय पाजू? तुझं कासव? काढ आधी ते!" गोरक्षनाथ खेकसला. तिनं गोणपाट वर ओढलं. मग ती पारनेरला बाजाराला गेली.

दुपारी अडकलेला पाईप सरळ करायला तो वाकला आणि शेवाळलेल्या कागदावरून थेट पाण्यात गेला. पोहता चांगलं येत होतं, पण वर चढायला धरावं असं काहीच नव्हतं. हात टेकला की निसटायचा, गुडघा टेकला की निसटायचा. हाका मारून घसा बसला, रानात चिटपाखरू नव्हतं. पाय जड व्हायला लागले. नखं कागदावर करकरली, तेव्हा त्याला केशरबाईचं बोलणं आठवलं.

तेवढ्यात ते कासव त्याच्या शेजारून गेलं, पार पलीकडच्या कोपऱ्यात पोचलं, आणि पाण्यातून सावकाश वर चढून उन्हात बसलं.

हे वर चढलं कसं? गोरक्षनाथ जीव खाऊन हात मारत तिकडं गेला. बोटांना ओलं गोणपाट लागलं, कुंपणाच्या खांबाला घट्ट बांधलेलं.

इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच केशरबाईनं त्याचं ऐकलं नव्हतं.