दुपारचं ऊन

स्पेनमध्ये राहायची मुदत कधीच संपली होती, तरी डेस्मंड आणि ग्लेनिस म्हातारपणासाठी हौसेने घेतलेलं घर सोडून इंग्लंडला परतले नव्हते. संध्याकाळी अख्खी गल्ली दाराबाहेर खुर्च्या टाकून गप्पा मारायची, तेव्हा हे दोघं दिवे न लावता आत जीव मुठीत धरून बसायचे. समोरच फर्मीन राहायचा, आणि तो पोलिसात होता.

"इंग्लंडने युरोपातून बाहेर पडावं म्हणून मत कुणी दिलं होतं रे?" ग्लेनिस कुजबुजायची.

"ते परक्यांना हाकलायला गं!"

"मग इथे आपण कोण?"

दुपारी गल्ली झोपली, की मात्र दोघं अंगणात येऊन निवांत ऊन खात बसायचे. तेवढाच मोकळा श्वास.

आज सकाळी दारावर थाप पडली. वर्दीतला फर्मीन! ग्लेनिस डेस्मंडच्या मागे सरकली.

"आम्ही... आम्ही कालच आलो," डेस्मंड चाचरला.

फर्मीनने मागे वळून गल्ली न्याहाळली आणि आवाज खाली आणला.



"आजोबा, उद्या शहरातून साहेब तपासणीला येताहेत. भर दुपारी उन्हात बसलेला माणूस इंग्रज, हे त्यांना लांबूनच कळतं. उद्याचा दिवस तेवढा आमच्यासारखं झोपा."