इनोकेचा पत्रा

इनोकेने तांबुआ दोन्ही हातांवर धरला आणि मान खाली घालून वाट पाहत राहिला. व्हेलचा तो दात पिढ्यांच्या हातांनी पिवळा पडला होता, काथ्याच्या दोरीत ओवलेला होता आणि घरात तसा तो एकच होता. समोर चटईवर गावप्रमुख एपारामा बसला होता. तो इनोकेच्या बहिणीचा नवरा. तांबुआ हातात घेतला की मागणं मान्य झालं. नाही घेतला, तर मागणाऱ्याने गावात तोंड दाखवायचं नाही. मधली वाट फिजीत कोणी ठेवलेलीच नाही.

मागणं छपराचं होतं. वादळाने गावातली कितीतरी घरं बोडकी केली होती. सरकारी बोटीतून पत्रे आले, पण सगळ्यांना पुरणारे नव्हते. आधी म्हातारी माणसं, मग लेकुरवाळ्या, आणि ज्यांचं निम्मं छप्पर शाबूत आहे ते शेवटी, असं गावाने बैठकीत ठरवलं होतं. इनोके शेवटच्यांत होता. आणि शनिवारी त्याच्या मुलीचं, मेरेओनीचं, लग्न होतं. दुसऱ्या बेटावरून व्याही येणार, आणि त्यांना फाटक्या ताडपत्रीखाली बसवायचं, या विचारानेच त्याला झोप लागत नव्हती.

बैठकीनंतर यंगोना, म्हणजे मुळ्या कुटून केलेलं पेय, पिताना त्याने हसत हसत विषय काढून पाहिला होता.

"तुझं काय जातंय, तवाले? तुझ्या छपराला वाऱ्याने बोटसुद्धा लावलं नाही."

"लावायला आला होता," एपारामा म्हणाला. "पण तुझा तो अर्धा लाल पत्रा बघितला आणि हसत हसत पुढे गेला."

सगळे खदखदले. मेव्हण्या-मेव्हण्यांनी एकमेकांना तवाले म्हणायचं आणि थट्टेला धरबंध ठेवायचा नाही, ही रीतच आहे. बहिणीच्या लग्नात तिच्या घराचं छप्पर इनोकेनेच रंगवलं होतं आणि दारावरच्या पत्र्याशी येऊन त्याचा रंग संपला होता. तो पत्रा निम्मा लाल, निम्मा पांढरा राहिला. तेव्हापासून कुठलंही अर्धवट काम म्हणजे गावात 'इनोकेचा पत्रा'.

थट्टेने काम झालं नाही, म्हणून आज तो तांबुआ घेऊन आला होता.

मागच्या दाराशी त्याची बहीण अलुमिता चटई विणत होती. तिचे हात थांबले. वयात आल्यावर भाऊ-बहीण एकमेकांशी थेट बोलत नाहीत. जे सांगायचं ते तिसऱ्याला सांगायचं, दुसऱ्याने ऐकायचं. ती पुन्हा विणू लागली.

एपारामाने बराच वेळ तांबुआकडे पाहिलं. मग हात पुढे केले, तो घेतला आणि रीतीप्रमाणे नाकाशी नेला.

"तुझ्या घरावर शनिवारच्या आत छप्पर चढेल," तो म्हणाला.

इनोकेने आभाराच्या टाळ्या वाजवल्या. त्याला बरं वाटलं आणि थोडं वाईटही वाटलं. हा माणूस वाकणार नाही असं त्याला आतून कुठेतरी वाटत होतं. शेवटी तोही माणूसच निघाला.

दुसऱ्या दिवशी पत्रे वाटले गेले. दिवसभर गावात हातोड्यांचा आवाज चालला होता. संध्याकाळी ओढ्यापलीकडून, एपारामाच्या घराकडून, बैलाची घसरगाडी आली आणि ताडपत्रीत गुंडाळलेला भारा इनोकेच्या अंगणात उतरला. वाटेवरच्या म्हाताऱ्या रायजेलीने तो पाहिला.

"कुंपणानेच शेत खाल्लं, दुसरं काय," ती एपारामाला ऐकू जाईल असं म्हणाली. एपारामा खाली मान घालून बैल हाकत राहिला.

सकाळी इनोके वाशांवर चढून बसला. त्याची बायको सालोते हिने भारा सोडला आणि पहिला पत्रा पालथाच वर दिला. इनोकेने तो उचलून धरला. उन्हाचे ठिपके त्याच्या छातीवर पडले. पत्र्याला खिळ्यांची भोकं होती.

बोटीतून आलेल्या कोऱ्या पत्र्यांना भोकं कशी असतील? त्याने पत्रा उलटा केला. तो निम्मा लाल होता.

त्याला वर बसवेना. तो उतरला, पत्रा डोक्यावर घेतला आणि ओढा ओलांडून गेला. बहिणीच्या घरावर नुसते वासे होते. एपारामा त्यांवर ताडपत्री बांधत होता.

"कमी पडले काय रे?" त्याने वरूनच विचारलं.

"हे तुझे आहेत."

"मग कोणाचे देणार? तांबुआ तू माझ्या हातात दिलास. बोटीतले पत्रे गावाचे होते."

इनोकेला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डोक्यावरचा पत्रा खाली ठेवायचं धैर्य त्याला होईना. एकदा दिलेलं परत करणं म्हणजे देणाऱ्याच्या थोबाडीत मारणं. आणि हे घेऊन घरी जायचं, तर उद्या व्याह्यांना बहिणीच्या छपराखाली बसवायचं.

अलुमिता चुलीपाशी कसावा सोलत होती. तिने मान वर केली नाही.

"अहो, तुमच्या तवाल्यांना सांगा," ती नवऱ्याला म्हणाली, "लग्न उरकल्यावर पत्रा इथे परत चढवताना या वेळी तरी रंग पुरेसा आणा म्हणावं."