डाव्या हाताचा विळा

बैरूतहून आणलेल्या सात जर्मन पाहुण्यांसमोर त्या दिवशीच्या तिसऱ्या वाइनरीच्या मालकानं काचपेटीतला विळा काढला. “माझ्या आजोबांचा. इथल्या द्राक्षांचा पहिला घड त्यांनी यानंच कापला. सांग त्यांना.” जर्मनमध्ये सांगणं हेच गाईड वर्देचं काम, पण मुठीवरची निळी चिंधी पाहून तिचं डोकं सणकलं. चिंधी तिच्या आईनं गुंडाळली होती. तीस वर्षं इथं राबलेल्या आईला, गुडघे गेल्यावर, विळा ठेवून घेऊन मालकानंच फाटकाबाहेर काढलं होतं. “मालक, मांडवावरचा घड कापून दाखवा की.” मालकानं दोनदा जोर लावला; विळा देठावरून नुसता घसरला. “बोथट झालाय.” “बोथट नाही, याची धार डावखुऱ्या हातासाठी आहे. आजोबा डावखुरे होते?” वर्देनं विळा डाव्या हातात घेऊन झटक्यात घड उतरवला. “माझी आई होती.” “हे त्यांना सांगू नकोस,” मालक पुटपुटला. वर्देनं सगळं सांगितलं, हे वाक्यसुद्धा.