गेटवरची वही

कर्वेनगरमधल्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवरून पाच वेगवेगळ्या दिवशी पाच पितळी नळ चोरीला गेले. सेक्रेटरी आगाशे सर म्हणजे संख्याशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. त्यांनी गेटवरची वही मागवून मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर उघडली.

"पाचही दिवशी एक नाव आहेच. शेवंताबाई. हा योगायोग असण्याची शक्यता जवळजवळ शून्य. उद्यापासून कामाला येऊ नका."

आमच्या चार घरांची सकाळ जिच्या भांड्यांच्या आवाजानं उजाडते, ती शेवंताबाई ओल्या हातांनीच पुढे आली.

"सर, नळ गेले नाहीत त्या दिवशी पण मी आलेच होते की. ती पानं नाही वाचलीत?"

"तो मुद्दा नाही."

"बरं. मग या वहीत तुमचं नाव कुठंय ते दाखवा."

"माझं कशाला असेल? ही कामवाल्यांची वही आहे. इथं राहणाऱ्यांची नावं आम्ही लिहीतच नाही."

तिनं पदराला हात पुसले, टेबलावरचं पेन उचललं आणि वहीचं कोरं पान उघडलं.



"सांगा सर, आज किती वाजता आत आलात?"